ट्रॅक्टरच्या इंजिनांतील तेलाचा पंप

आपल्यापैकीं पुष्कळांच्या दारांत आज एखादा तरी जुना ट्रॅक्टर उभा असतो. नवा घेतला तरी जुना विकवत नाहीं. पेरणीला, फवारणीला, पाण्याच्या टाकीला तो उपयोगीं पडतो, आणि घरच्या बैलाप्रमाणें त्याच्या खोडी धन्यास ठाऊक झालेल्या असतात. अशा यंत्राचीं चाकें, नांगर, रेडिएटर यांकडे आपलें लक्ष असतें, कारण तीं डोळ्यांना दिसतात. परंतु इंजिनाच्या पोटांत, तेलाच्या कुंडांत लोंबणारा एक लहानसा पंप असतो, त्याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. त्या पंपाकडे दुर्लक्ष केल्यानें आम्हांस जो खर्च व मनस्ताप सोसावा लागला, आणि पुढें तोच पंप उघडून नीट करितांना जें पाहावयास मिळालें, तें या मासिकाच्या वाचकांपुढें मांडावें असें योजिलें आहे. आम्ही यंत्रविद्येचे पंडित नव्हों. हयात महसूल कचेरींत कारकुनी करण्यांत गेली, व शिक्षण मराठी शाळेपुरतेंच झालें. तेव्हां येथें जें लिहिलें आहे तें डोळ्यांनीं पाहिलेलें, पट्टीनें मोजलेलें व जाणत्या मिस्त्रींस विचारून घेतलेलें आहे, एवढ्याच अधिकारानें तें वाचावें.

आमच्या घरचा ट्रॅक्टर मॅसी-फर्ग्युसन ३५ या जातीचा आहे. हॅरी फर्ग्युसन या कल्पक गृहस्थानें आपला धंदा १९५३ सालीं मॅसी-हॅरिस या कॅनडांतील कंपनीच्या स्वाधीन केला, आणि १९५६ पासून इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें ‘३५’ या आंकड्याचा ट्रॅक्टर तयार होऊं लागला. त्यांतील पहिलें डिझेल इंजिन चार सिलिंडरांचें होतें, व तें थंडींत सुरू होण्यास फार कुरकुर करी अशी त्याची अपकीर्ति होती. १९५९ सालीं पीटरबरो येथील पर्किन्स हा इंजिनांचा कारखाना मॅसी-फर्ग्युसननें विकत घेतला, व त्याचें तीन सिलिंडरांचें इंजिन या ट्रॅक्टरास बसूं लागलें. सिलिंडरचा व्यास ३.६ इंच व दट्ट्याची धांव ५ इंच. तिन्ही मिळून १५२ घन इंच, म्हणून त्याचें नांवच तीन-एकशेंबावन्न. पुढें १९६० सालीं मद्रासेस ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट ही कंपनी मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्यानें निघाली, आणि हें यंत्र आपल्याकडील शेतांत सर्रास दिसूं लागलें. आमच्या थोरल्या बंधूंनीं आमचा ट्रॅक्टर १९७८ सालीं दुसऱ्या हातानें घेतला. ते आतां हयात नाहींत. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, तो चालवितो. घरचें रान झाल्यावर भाड्यानेंहि नांगरट करतो, आणि त्या भाड्यावर घरचा बराच खर्च भागतो.

इंजिनांत तेल कशासाठीं, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें कसें फिरतें याचा विचार आम्हींहि संकट येईपर्यंत केला नव्हता. जुन्या काळीं पंप नसलेलीं इंजिनेंहि होतीं. १९१७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरांत तेलाचा पंपच नव्हता. फिरत्या भागांनीं तेल उडवावें व तें मिळेल तेथें झिरपावें, अशी सोय होती. आपल्या विहिरींवर जीं लिस्टर नमुन्याचीं, राजकोटच्या बाजूस बनलेलीं आडव्या बांध्याचीं नव्हेत तर उभीं, संथ चालणारीं इंजिनें पुष्कळ वर्षें धडधडत होतीं, त्यांतहि कनेक्टिंग रॉडच्या बुडाशीं एक पळीसारखा तुकडा असे, व तो तेलांत बुडून शिंतोडे उडवी. संथ इंजिनास एवढ्यानें भागतें. परंतु जेथें क्रँक मिनिटास दोन हजार फेरे घेतो, तेथें शिंतोड्यांवर विसंबून चालत नाहीं. क्रँक व बेअरिंग या दोहोंमध्यें तेलाचा एक पातळ पापुद्रा सतत राहिला पाहिजे. धातूला धातू लागतां कामा नये. तो पापुद्रा राखण्यासाठीं तेल दाबानें आंत ढकलीत राहणें हें पंपाचें काम.

आमच्या इंजिनांत हा पंप कॅमशाफ्टवरील तिरक्या दांत्यांनीं फिरतो. (याच घराण्याच्या पुढच्या कांहीं इंजिनांत तो पुढच्या बाजूस क्रँकच्या दांतेरी चाकावरून फिरविलेला असतो, रचना निराळी, तत्त्व एकच.) उभ्या दांड्याच्या खालच्या टोकास तीन पाकळ्यांची एक फिरकी पक्की बसविलेली असते. तिच्याभोंवतीं चार खळग्यांची एक कडी असते, ती पंपाच्या घरांत मोकळी फिरते. दोहोंचे मध्यबिंदू एक नसून थोडे सरकलेले असतात. यामुळें फिरकी फिरूं लागली म्हणजे एका बाजूस पाकळी व खळगा यांमधील जागा वाढत जाते, व तेथें गाळणींतून तेल ओढलें जातें. दुसऱ्या बाजूस तीच जागा आकसते, व तेल बाहेर ढकललें जातें. फिरकीचा एक फेरा होतो तेव्हां कडीचा पाऊण होतो. झडप नाहीं, वादी नाहीं, बिघडण्यासारखें कांहीं नाहीं असें पाहणारास वाटतें. परंतु सगळी मख्खी फटींत आहे. फिरकीच्या सपाट तोंडावर जें झांकण बसतें, त्या दोहोंमध्यें केसाच्या जाडीएवढीहि फट चालत नाहीं; कारण ढकललेलें तेल त्याच फटींतून मागें ओढीच्या बाजूस पळतें. आणि ही गळती फटीच्या प्रमाणांत वाढत नाहीं, घनाच्या प्रमाणांत वाढते. फट दुप्पट झाली कीं गळती आठपट. तिप्पट झाली कीं सत्तावीसपट. वाचकांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा, कारण आमचें सारें प्रकरण याच एका हिशेबावर येऊन ठेपलें.

२०२३ सालच्या फाल्गुनांत इंजिन धूर फार टाकूं लागलें व तेल खाऊं लागलें, म्हणून पुतण्यानें ट्रॅक्टर तालुक्याच्या गांवीं एका कारखान्यांत नेला. तेथें लायनर, पिस्टन व रिंगा नव्या घातल्या, क्रँक दहा हजारांश इंच घासला व त्या मापाचीं नवीं बेअरिंगें बसविलीं. बिलाच्या शेवटीं ‘ऑइल पंप साफ केला’ अशी एक ओळ होती. बिल आम्हींच चुकतें केलें. काढलेले जुने भाग आम्हीं पाहावयास मागितले नाहींत, पंप कोणीं उघडला हेंहि विचारलें नाहीं. जागेवर न जातां पंचनामा लिहिणाऱ्या तलाठ्यास नोकरींत असतांना आम्हीं किती वेळां बोल लाविले असतील! तेंच आम्हीं स्वतः केलें.

एक गोष्ट मात्र संवयीनें घडली होती. कचेरी सुटली तरी नोंदवहीचा नाद सुटत नाहीं. आमच्या सांगण्यावरून पुतण्या दोन वर्षांपासून एका वहींत तेलाच्या कांट्याची नोंद ठेवीत असे: सकाळीं इंजिन गार असतांना एक, आणि तासभर नांगर चालल्यावर एक. तो मनांतून हंसत असे, पण लिहीत असे. फाल्गुनापूर्वींच्या नोंदी पाहतां गार इंजिनास दर चौरस इंचास सुमारें ५० पौंड व तापलेल्यास ३० पौंड असा दाब होता. या इंजिनास पूर्ण वेगांत, तापलेलें असतां ३० ते ६० पौंड असावा असें पुस्तक सांगतें. म्हणजे तो कांठावर होता, पण होता. दुरुस्ती होऊन आल्यावर गार असतां ४५ आणि तापल्यावर १८. नवीं बेअरिंगें, घासलेला क्रँक, आणि दाब पूर्वींपेक्षांहि कमी! पुतण्यानें कारखान्यांत जाऊन विचारलें. “जुना माल आहे, नवीं बेअरिंगें बसतांहेत, येईल दाब, तोंवर तेल दाट घाला,” असें उत्तर मिळालें. दाट तेल घातलें. कांटा २२ वर गेला. आम्हां सर्वांचें समाधान झालें.

दाट तेलाच्या या उपायाविषयीं दोन शब्द येथेंच सांगून टाकतों. दाट तेल फटींतून सावकाश पळतें म्हणून कांटा वर दिसतो, हें खरें. परंतु गार सकाळीं तेंच तेल गाळणींतून ओढलें जाण्यास व बेअरिंगांपर्यंत पोंचण्यास वेळ लावतें, आणि झीज सर्वांत अधिक होते ती त्या पहिल्या मिनिटांत. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ओला फडका ठेवून थर्मामीटर लपवून ठेवण्यासारखा हा प्रकार आहे.

दीड महिना गेला. चैत्राच्या अखेरीस दुसऱ्याच्या रानांत नांगरीत असतां इंजिनांतून ठक्‌ ठक्‌ असा आवाज येऊं लागला. पुतण्यानें तेथेंच थांबावयाचें, तें न करितां हळूहळू ट्रॅक्टर घरापर्यंत आणला. अंतर मैलभराचेंहि नसेल. परंतु तेवढ्यांत मधल्या रॉडचें बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलें व त्यावर चरे पडले. क्रँक पुन्हां घासावा लागला. या खेपेस वीस हजारांशांवर. या क्रँकसाठीं बेअरिंगें दहा, वीस व तीस हजारांश अशा तीनच उतरत्या मापांचीं मिळतात. म्हणजे आतां एकच पायरी उरली. तीहि गेली कीं क्रँक भंगारांत. मृग महिन्यावर आला होता, भाड्याच्या नांगरटीचे आगाऊ पैसे घेतलेले होते, आणि घरांत नवा ट्रॅक्टर कर्जानें घेण्याची बोलणीं सुरू झालीं. जमीन गहाण टाकण्याच्या कागदांचा नमुना आम्हांस तोंडपाठ. तो घरच्या जमिनीसाठीं लिहावा लागेल असें वाटलें नव्हतें. वहिनींस आम्ही म्हणालों, ट्रॅक्टर दादांनीं घेतलेला, विकवत नाहीं. त्या म्हणाल्या, “भावजी, त्यांच्या हातचा आहे म्हणून ठेवूं नका. नीट चालत असेल तर ठेवा. त्यापायीं पोराला दुसऱ्यांदा खड्ड्यांत घालूं नका.” यावर उत्तर नव्हतें.

शेजारच्या गांवीं एक वृद्ध मिस्त्री आहेत. एस. टी. च्या आगारांत उमेदीचीं वर्षें काढून ते आतां घरीं बसले आहेत. हात थरथरतो, पण नजर शाबूत आहे. त्यांना घेऊन आलों. त्यांनीं इंजिनाकडे न पाहतां आधीं वही पाहिली. पानें उलटून फाल्गुनावर बोट ठेवलें व विचारलें, “भाऊसाहेब, पंप कोणीं उघडला होता?”

“बिलांत ‘साफ केला’ असें आहे, मिस्त्री.”

“साफ केला म्हणजे उघडला. उघडला म्हणजे परत बसवला. दाब त्याच दिवशीं उतरला. मग दुसरीकडे कशाला शोधायचं?”

तरी पण त्यांनीं थेट पंपास हात घातला नाहीं. दाब कमी दिसण्याचीं कारणें अनेक असतात व स्वस्तांतलें आधीं तपासावें, हा त्यांचा परिपाठ. मुळांत दाब हा पंप ‘तयार’ करीत नाहीं. पंप तेल पुढें ढकलतो; पुढें वाट अरुंद असली म्हणजे दाब होतो. ठिबकच्या नळीचें शेवटचें बूच निघालें तर मोटार तीच असूनहि शेवटच्या झाडांस थेंब पडत नाहीं, तशी ही गोष्ट. म्हणून बेअरिंगें झिजलीं तरी कांटा उतरतो, आणि पंप निर्दोष असतो.

प्रथम कांटाच खरा बोलतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं आपला दुसरा कांटा त्याच नळीस लावला. दोघांची साक्ष जुळली. मग तेल. डिझेल ओढणाऱ्या लहान पंपाचा पडदा फाटला तर डिझेल तेलाच्या कुंडांत उतरतें, तेल पातळ होतें व मापकांडीवर पातळी वाढलेली दिसते. शेतकरी म्हणतो, “माझा ट्रॅक्टर तेल खातच नाहीं”, आणि खूष होतो! आमच्या कांडीवर पातळी वाढलेली नव्हती व तेलास डिझेलचा वास नव्हता. नंतर दाब मर्यादेंत ठेवणारी झडप: तिची स्प्रिंग मोडलेली नव्हती, बैठकीवर कचरा नव्हता. येथें एक सूचना करणें अवश्य आहे. कित्येक कारागीर दाब वाढविण्यासाठीं या स्प्रिंगखालीं वायसर घालतात. तापलेल्या इंजिनास दाब १८ पौंडांवर असतां ती झडप मुळीं उघडलेलीच नसते. तिची स्प्रिंग ताठ करून गळणारें तेल कसें थांबणार? फक्त सकाळचा कांटा फाजील वर जातो, आणि धनी फसतो.

मग चेंबर उतरविलें. या ट्रॅक्टरास मोटारीसारखी निराळी चौकट नसते. इंजिन व गियरपेटी हाच त्याचा कणा. म्हणून खालीं हात घालण्यापूर्वीं इंजिनास व पुढच्या भागास लांकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार दिला, नुसत्या जॅकवर विसंबलों नाहीं. चेंबर बिडाचें व जड असतें. एकट्यानें काढूं नये. गाळणी स्वच्छ होती. ओढनळीचा जोड पक्का होता. तो सैल असता तर पंप तेलाबरोबर हवा ओढता. पंपास धरून ठेवणारा स्क्रू व त्याची दुमडलेली पत्री सोडवून पंप बाहेर काढला. चांगला मोठा, दांड्यासह हातभर लांब असेल अशी आमची समजूत होती. निघाला वीतभरापेक्षां थोडाच मोठा.

झांकणाचे स्क्रू सोडतांच मिस्त्री थांबले. झांकण व पंपाचें घर यांच्यामध्यें जाड तपकिरी कागदाचें पॅकिंग होतें. मोठ्या निगुतीनें कापलेलें, भोंकें बरोबर पाडलेलीं. ज्या कोणीं तें कापलें त्यानें मन लावून काम केलें होतें यांत शंका नाहीं. दोन धातू एकमेकांस भिडतात तेथें कागद हवा, नाहीं तर तेल गळेल, असा त्याचा समज. परंतु हा पंप तेलाच्या कुंडांतच लोंबतो. बाहेर चार थेंब गळले तरी तेलांत तेल. या जोडांत कागद मुळींच नसतो, कारण तो घातला कीं झांकण फिरकीपासून तितकेंच दूर जातें.

आतां मोजमाप. फिलर गेज म्हणून पोलादी पात्यांचा जो जुडगा मिळतो, त्यांत प्रत्येक पात्यावर जाडी हजारांशांत लिहिलेली असते. घराच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून पट्टी व फिरकी यांमध्यें पातें घातलें: चार हजारांश. या पंपास तीनपर्यंत चालते. म्हणजे कागदावांचूनहि झीज थोडी मर्यादेबाहेर गेलीच होती. फाल्गुनापूर्वींचे ३० पौंड त्यामुळें. दाबून बसलेल्या कागदाची जाडी मिस्त्रींच्या मायक्रोमीटरनें दहा हजारांश भरली. चार आणि दहा मिळून चौदा. चालते तीन, होती चौदा. जवळजवळ पांचपट, आणि घनाच्या हिशेबानें गळती शंभराच्या घरांत. आम्हीं तो गुणाकार वहीच्या मागच्या पानावर दोनदां करून पाहिला. इंजिन दीड महिना चाललें याचेंच आश्चर्य.

बाकीचीं मापें बरीं निघालीं. पाकळी व कडी यांमध्यें चार हजारांश, व कडी आणि घर यांमध्यें तेरा. ही शेवटची फट पाहून आम्हीं दचकलों, परंतु ती मुळांतच एवढी मोठी ठेवलेली असते असें मिस्त्रींनीं सांगितलें. दांड्यास हलवून पाहिलें, खेळ नव्हता. तिरके दांते तुटलेले नव्हते. हीं मापें पुष्कळ बिघडलीं असतां फिरकी किंवा कडी एकटी बदलण्याच्या भरीस पडूं नये, अख्खा पंपच नवा आणावा. दोन्ही एकमेकींशीं जुळून झिजलेल्या असतात. नवी सून व जुनी सासू यांच्याप्रमाणें त्यांचें बसावयास वेळ लागतो, आणि इंजिनास तेवढा वेळ नसतो.

उरलें काम घराचें तोंड दोन हजारांशांनीं खालीं आणण्याचें. खरादावर धरलें असतें तर दोन मिनिटांचें काम. पण तेथें दोनाऐवजीं पांच निघाले तर पंप फुकट. मिस्त्रींनीं जाड, सपाट कांचेचा तुकडा मागविला, त्यावर एमरीचा बारीक कागद पसरला, रॉकेल ओतलें, आणि फिरकी व कडी काढून ठेवून पंपाचें तोंड त्यावर इंग्रजी आठाच्या आकारांत सावकाश फिरविण्यास पुतण्यास बसविलें. एकाच दिशेनें घासलें तर एक बाजू उतरती होते. दहा-वीस फेरे झाले कीं धुवावें, पुसावें, फिरकी व कडी घालून पुन्हां पातें लावून पाहावें. पहिला अर्धा तास कांहींच फरक दिसेना व पुतण्यानें जोर लाविला. मिस्त्रींनीं त्याचा हात धरला. झांकणाच्या आंतल्या अंगावर फिरकीनें वर्तुळाकार चरे पाडले होते. तेंहि त्याच कांचेवर सपाट केलें. नाहीं तर घराचें तोंड कितीहि सरळ असलें तरी तेल त्या चऱ्यांतून वाट काढतें. संध्याकाळीं फट दोन हजारांशांवर आली. तेथें थांबलों. एकाहि खालीं नेली तर तापल्यावर धातू फुगून फिरकी अडकण्याची भीति, आणि मग दांतेच तुटावयाचे.

यानंतरची धुलाई आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, व तीच लोक उरकून टाकतात. एमरीचा एक कण पंपांत राहिला तर तो पहिल्याच फेऱ्यांत दोन्ही तोंडें ओरबाडील व तेथून बेअरिंगांत जाऊन रुतेल. रॉकेलानें तीनदां धुतलें, भोंकांतून हवा मारली, शेवटीं स्वच्छ तेलांत बुडवून काढलें. चिंधीनें पुसलें नाहीं; चिंधीचा सूत गाळणीवर बसतो.

जोडणींत दोन गोष्टी जपाव्या. बाहेरच्या कडीच्या एका कडेची धार तासलेली असते; ती बाजू आधीं घरांत गेली पाहिजे. उलटी घातली तरी बसते, हाच धोका. आणि झांकण लावण्यापूर्वीं पंप तेलानें भरावा, झांकण लावून दांडा हातानें फिरवून पाहावा. तो न अडखळतां, पण थोड्या जडपणानें फिरला पाहिजे. स्क्रूखालची पत्री नवी घातली. दुमडलेली जुनी पत्री दुसऱ्यांदा दुमडली तर तुटते, आणि तिचा तुकडा कोठें जाईल हें सांगवत नाहीं.

चेंबर चढविलें, फिल्टर नवा घातला व तोहि तेलानें भरून लाविला. तेल पूर्वींच्याच जातीचें, दाट नव्हे. मग डिझेल बंद करणारा दांडा ओढून धरला, म्हणजे इंजिन सुरू होऊं नये, आणि नुसत्या स्टार्टरनें दहा-दहा सेकंद, मध्यें विसांवा देत, फिरविलें. पहिल्या खेपेस कांटा हलला नाहीं. दुसऱ्या खेपेसहि नाहीं. वहिनी ओट्यावर उभ्या होत्या, त्या आंत निघून गेल्या. तिसऱ्या खेपेस कांटा थरथरला आणि २० वर जाऊन राहिला. तेव्हां कोठें मिस्त्रींनीं दांडा सोडण्यास सांगितलें. इंजिन चालू झाल्यावर कांटा ५५ वर गेला. तासभर रान नांगरून आणलें तेव्हां ४०, आणि अगदीं संथ चालींत १५.

त्या वर्षीं पाऊस लांबला. मृग कोरडा गेला, जूनच्या अखेरच्या आठवड्यांत आपल्या भागांत पावसानें जोर धरला. एरवीं आम्ही आभाळाकडे पाहून बोटें मोडलीं असतीं. या खेपेस त्या पंधरवड्यांतच आगाऊ घेतलेल्या सर्व नांगरटी पुऱ्या झाल्या. दुसऱ्यांदा क्रँक घासण्याचे पैसे गेले ते गेलेच. पंपाच्या दुरुस्तीस कांच, एमरी, रॉकेल, चेंबरचें पॅकिंग, फिल्टर व मिस्त्रींची मजुरी धरून क्रँकच्या बिलाच्या दहाव्या हिश्श्याइतकाहि खर्च आला नाहीं.

तो कागद घेऊन आम्ही त्या कारखान्यांत गेलों. भांडण्याच्या तयारीनें गेलों होतों. मालकांनीं कागद उलटसुलट पाहिला, सर्व पंपांना आम्ही असाच घालतों म्हणाले, आणि कांहीं वेळानें विचारलें, “जाडी किती भरली?” आम्हीं सांगितली. पैसे परत करण्याचा विषय त्यांनीं काढला नाहीं, व आम्हींहि बिल न पाहतां दिलेलें असल्यानें ताणून धरलें नाहीं. त्यांनीं कागद ठेवून घेण्यास मागितला. आम्हीं दिला नाहीं. तो वहींत चैत्राच्या पानाला टाचलेला आहे.

पंचवीस तास चालल्यावर तेल बदललें. जुनें तेल पांढऱ्या थाळींत ओतून उन्हांत धरलें. चकाकणारा कण दिसला नाहीं. फिल्टर कापून आंतला कागद उलगडला, त्यांतहि नव्हता. तीस हजारांशांचीं बेअरिंगें अद्याप आणावीं लागलेलीं नाहींत. पुतण्या आतां कांट्याची नोंद न सांगतां लिहितो. फक्त गार व तापलेला असे दोन रकाने होते, तेथें त्यानें संथ चालीचा तिसरा काढला आहे.